मोड बदलून पाहिला तरी फोटो हललेलाच? डायल फिरवण्याआधी फोटोमागचे आकडे बघा

कॉम्पॅक्ट म्हणजे खिशात मावणाऱ्या साध्या कॅमेऱ्याबद्दलची तक्रार नेहमी जवळपास त्याच शब्दांत येते. "दिवसा बाहेर काढलेले फोटो झकास, पण घरात किंवा संध्याकाळी काढले की सगळे हललेले. ऑटो, स्पोर्ट्स, पोर्ट्रेट, नाइट, सगळे मोड लावून पाहिले. एखादा बरा येतो, बाकीचे पुन्हा तसेच." आणि शेवटी हमखास एक प्रश्न असतो, कॅमेरा खराब झालाय का?

बहुतेक वेळा कॅमेऱ्यात काहीच बिघाड नसतो. प्रत्येक फोटोसाठी कॅमेऱ्याला काही गोष्टी ठरवाव्या लागतात. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, लेन्समधलं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर किती मोठं ठेवायचं, आयएसओ म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता किती चढवायची, फ्लॅश पेटवायचा का, फोकस कशावर धरायचा. यातलं कॅमेऱ्याने काय ठरवायचं आणि तुम्ही काय ठरवायचं, एवढंच डायलवरचा मोड सांगतो. खोलीतला प्रकाश मोड बदलल्याने वाढत नाही. म्हणून अंदाजाने डायल फिरवत बसण्यापेक्षा बिघडलेला फोटोच उघडून बघायचा. काय चुकलं ते त्यातच नोंदलेलं असतं.

सुरुवातीला एक साधी गोष्ट करा, मऊ कोरड्या कापडाने लेन्स पुसा. कॉम्पॅक्ट कॅमेरा खिशात आणि पर्समध्ये फिरतो आणि बोटाचा ठसा लेन्सवर सहज उमटतो. ठशामुळे दिव्यांभोवती धुरकट वलयं येतात आणि सगळा फोटो फिकट दिसतो. हे दिवसाच्या फोटोत फारसं जाणवत नाही, दिवे समोर आले की लगेच दिसतं.

फोटो मोठा करून बघा, दोष कुठला ते ओळखा

प्लेबॅकमध्ये जाऊन फोटो पूर्ण मोठा करा आणि सावकाश सगळीकडे फिरवा. सगळेजण सरसकट "हललेला" म्हणतात, पण त्यात चार निरनिराळे दोष असू शकतात आणि चारही दोषांचे उपाय वेगळे आहेत.

फोटोतल्या सगळ्याच गोष्टी एकाच दिशेने ओढल्यासारख्या दिसत असतील, दिव्याच्या ठिपक्याची बारीक रेघ झाली असेल, भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे दुहेरी दिसत असतील, तर हात हलला आहे. घड्याळ, खुर्ची, भिंत स्वच्छ आहेत आणि फक्त मुलाचा चेहरा किंवा टाळ्या वाजवणारे हात पुसट आहेत, तर हात स्थिर होता, समोरचं माणूस हललं. माणूस पुसट आहे पण त्याच्या मागची कपाटाची दारं किंवा पुढचं टेबल स्पष्ट आहे, तर फोकस चुकीच्या जागी बसला. आणि कडा जागच्या जागी आहेत, पण केस, कापडाचा पोत, गवत असं सगळं बारीक काम जलरंगात कालवल्यासारखं दिसतं, तर आयएसओ जास्त चढला होता आणि कॅमेऱ्याने त्यामुळे आलेले रंगीत ठिपके म्हणजे दाणे पुसताना तपशीलही पुसून टाकला.

पहिल्या दोन दोषांतला फरक कळणं सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये हात हलण्याची भरपाई करणारी यंत्रणा म्हणजे स्टॅबिलायझर असतो. ती तुमच्या हाताची थरथर सावरते, समोरच्या माणसाची हालचाल तिला थांबवता येत नाही. "स्टॅबिलायझर चालू आहे, तरी मुलाचा फोटो हलतो" या तक्रारीचं उत्तर इथे आहे. ती यंत्रणा तिचं काम चोख करते आहे, अडचण दुसरीकडे आहे.

आता फोटो उघडा असतानाच माहिती दाखवणारं बटण दाबा. त्यावर 'डिस्प्ले' किंवा 'इन्फो' असं काहीतरी लिहिलेलं असतं. काही कॅमेऱ्यांत ते दोनतीनदा दाबल्यावर सगळे आकडे येतात. स्क्रीनवर न दिसल्यास फोटो कॉम्प्युटरवर घेऊन फाइलचे तपशील उघडा, तिथे ते असतात. आपल्याला शटर स्पीड, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ हे तीन आकडे हवे आहेत, शिवाय फ्लॅश पेटला होता का आणि झूम किती होता तेही बघायचं. एक चांगला आणि एक बिघडलेला असे दोन फोटो शेजारी ठेवून आकडे ताडून बघा. बऱ्याच जणांचा निम्मा प्रश्न इथेच सुटतो, कारण चांगल्या फोटोचं शटर १/५०० सेकंद आणि बिघडलेल्याचं १/८ दिसतं.

खोलीत एवढं हळू शटर का लागतं

डोळ्यांना संध्याकाळची दिवे लावलेली खोली चांगली उजेडाची वाटते, कारण डोळे फार पटकन जुळवून घेतात. सेन्सरच्या हिशेबात भर उन्हातल्या अंगणापेक्षा त्या खोलीत प्रकाश शेकडो पटींनी कमी असतो. उन्हात आयएसओ १०० आणि एफ/५.६ वर (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्समधलं भोक मोठं) शटर साधारण १/१००० बसतं. साध्या दिव्याच्या खोलीत तोच आयएसओ १०० ठेवला आणि लेन्स पूर्ण उघडून एफ/३.३ केली, तरी शटरला १/६ सेकंदाच्या आसपास उघडं राहावं लागतं. १/६ सेकंदात उभा माणूससुद्धा थोडा डुलतो, मग खेळणाऱ्या मुलाचं काय सांगावं.

आयएसओ ८०० केला की प्रकाशाची गरज आठपट कमी होते आणि १/६ चं सुमारे १/५० होतं. हातात धरून, बसलेल्या माणसाचा फोटो काढायला हे पुरतं. हे पुरेसं वाटेल, पण याच वेळी बहुतेक लोक झूम करतात आणि सगळं गणित उलटतं.

कॉम्पॅक्टच्या लेन्सवर दोन एफ-आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ३.३ ते ६.६. पहिला आकडा झूम अजिबात नसतानाचा, दुसरा पूर्ण झूमचा. ३.३ वरून ६.६ वर गेलात की लेन्समधून चौपट कमी प्रकाश येतो. म्हणजे मघाचं १/५० एकदम १/१२ वर घसरतं. दुसरीकडे झूममुळे हाताची थरथरही तितकीच मोठी होऊन दिसते. जुना ठोकताळा असा की ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात लेन्स जितक्या मिमीची (झूम वाढला की हा आकडा वाढतो), तितकं शटर तरी वेगवान हवं. २५ मिमीला १/२५ चालतं, २५० मिमीला १/२५० लागतं. थरथर सावरणाऱ्या यंत्रणेने तीन पायऱ्यांची (एक पायरी म्हणजे दुप्पट, तीन म्हणजे आठपट) सवलत दिली असं धरलं तरी २५० मिमीला १/३० हवंच, आणि आपल्याकडे आहे १/१२. फोटो हलणारच, कुठलाही मोड लावा.

म्हणून कमी उजेडातला माझा पहिला सल्ला मोडबद्दलचा नसतोच. झूम पूर्ण मागे घ्या आणि दोन पावलं पुढे जा. पुढे जाणं शक्य नसेल तर तसाच फोटो काढून नंतर कापा, बहुतेक वेळा तो झूम केलेल्या हललेल्या फोटोपेक्षा चांगला निघतो. डिजिटल झूम मेनूमधून कायमचा बंद करून टाका, तो सेन्सरवरचं चित्र कापून फुगवण्यापलीकडे काहीच करत नाही.

ऑटो सोडून पी वर या

ऑटोमध्ये कॅमेरा सगळंच स्वतः ठरवतो आणि मेनूतल्या बऱ्याच ओळी करड्या होऊन बसतात. आयएसओ हाताने लावता येत नाही, उजळपणा बदलता येत नाही, काही कॅमेऱ्यांत फ्लॅशही आपल्या मर्जीने बंद होत नाही. डायलवर पी असेल तर तिथे या. पी मध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर कॅमेराच जुळवतो, म्हणजे ऑटोची सोय राहते, पण आयएसओ, फ्लॅश, व्हाइट बॅलन्स म्हणजे दिव्याच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणं, आणि उजळपणाची भरपाई म्हणजे सगळा फोटो उजळ किंवा गडद करायची सोय तुमच्या हातात येते. मला विचाराल तर कॉम्पॅक्टवरचा सगळ्यात उपयोगी मोड हाच, आणि सगळ्यात कमी वापरला जाणाराही हाच. ज्या कॅमेऱ्यात पी नाही त्यात 'प्रोग्रॅम' किंवा 'मॅन्युअल' नावाने मेनूत जवळपास हीच सोय ठेवलेली असते. नावाने बिचकू नका, आयएसओची ओळ उघडते का तेवढं बघा.

आता पी वर आयएसओ ८०० करा, फ्लॅश बंद, झूम मागे. बटण अर्धं दाबा आणि स्क्रीनवर शटरचा आकडा वाचा. बसून गप्पा मारणाऱ्या माणसांना १/६० च्या आसपास बास. चालणाऱ्या माणसाला १/१२५, खेळणाऱ्या मुलाला १/२५०, धावणाऱ्याला १/५०० लागतं. आकडा यापेक्षा हळू असेल तर फोटो काढण्याआधीच तुम्हाला कळलं की तो हलणार आहे. मग दिवा लावा, माणसाला खिडकीकडे किंवा दिव्याकडे वळवा, आयएसओ १६०० करा किंवा फ्लॅश घ्या.

आयएसओची भीती बाळगू नका, पण त्याची हद्द ओळखून असा. साध्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात जेमतेम ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा असतो. त्यावर १०० ते ४०० पर्यंत चित्र स्वच्छ, ८०० ला थोडे दाणे, १६०० ला बारीक तपशील पुसायला लागतो आणि त्यापुढचे आकडे मी फक्त नाइलाज असेल तेव्हा वापरतो. २०१२ मध्ये सोनीच्या आरएक्स१०० पासून खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत एक इंची सेन्सर रुळायला लागला. तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे चौपट, आणि त्यामुळे दोन पायऱ्या जास्त आयएसओ सहज पेलतो. तुमचा कॅमेरा कुठल्या गटातला आहे त्याप्रमाणे वरचे आकडे सरकवून घ्या. पण दाणेदार फोटोतला चेहरा ओळखू येतो, हललेल्या फोटोतला येत नाही. दोन्हीपैकी एक निवडायची वेळ आली तर मी दाणे घेतो.

कॅमेरा हातात कसा धरलाय यानेही मोठा फरक पडतो. हात लांब करून स्क्रीनकडे बघत फोटो काढला की थरथर सगळ्यात जास्त. कोपरं अंगाला टेकवा, शक्य असेल तर भिंतीला पाठ किंवा टेबलाला कोपर टेका. कंटिन्युअस म्हणजे सलग फोटोंची सोय चालू करून तीनचार फोटो एका दमात घ्या. बोट दाबतानाचा धक्का पहिल्या फोटोत येतो, मधला एखादा बहुधा स्वच्छ निघतो. समोरचं दृश्य स्थिर असेल तर कॅमेरा टेबलावर ठेवून दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावा, मग शटर सेकंदभर उघडं राहिलं तरी बिघडत नाही.

माणूसच हलत असेल तर

दुसऱ्या प्रकारचा दोष असेल, म्हणजे भिंत स्वच्छ आणि मूल पुसट, तर शटरचा आकडा तुम्हीच ठरवायला हवा. डायलवर टीव्ही (इंग्रजीत Tv) किंवा एस लिहिलेला मोड त्यासाठी आहे. तिथे १/१२५ लावा, आयएसओ ऑटो किंवा १६०० ठेवा आणि बटण अर्धं दाबून अ‍ॅपर्चरच्या आकड्याकडे बघा. तो लाल झाला किंवा लुकलुकायला लागला, तर लेन्स पूर्ण उघडूनही प्रकाश पुरत नाही असं कॅमेरा सांगतोय. तरीही फोटो काढलात तर तो काळपट येईल. या मोडबद्दलची "टीव्हीवर सगळे फोटो काळे येतात" ही तक्रार याच लाल आकड्याकडे दुर्लक्ष केल्याने येते. १/१२५ वरून १/६० वर या, आणि हालचाल क्षणभर थांबते तो क्षण पकडा. झोका टोकाला गेल्यावर, उडी सगळ्यात वर असताना, टाळीचे हात मिटल्यावर १/६० सुद्धा पुरून जातं.

ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे विजेच्या लयीवर सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात. अशा उजेडात १/५०० सारखं वेगवान शटर लावलं तर सलग काढलेल्या फोटोंचा उजळपणा आणि रंग कमीजास्त होतो. बंद खोलीत १/१०० च्या आसपास राहिलं की ही कटकट टळते.

स्पोर्ट्स मोडही हेच काम करायला बघतो. शक्य तितकं वेगवान शटर, आयएसओ वर, सलग फोटो. उघड्या मैदानावर दिवसा तो उत्तम चालतो. खोलीत किंवा सभागृहात मात्र त्याच्याकडे चढवायला आयएसओशिवाय काही उरत नाही, आणि तो कॅमेऱ्याने ठरवलेल्या मर्यादेला येऊन थांबतो. म्हणून स्पोर्ट्स लावूनही सभागृहातला फोटो हलतो, आणि तिथे पी किंवा टीव्ही बरा पडतो.

फ्लॅशची चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी किंवा त्याहून छोटी असते, त्यामुळे हालचाल गोठवायला तिच्यासारखं साधन नाही. पण तिचा पल्ला फार थोडा. झूम न करता तीन ते चार मीटर, आणि पूर्ण झूमवर त्याच्या निम्मा. सभागृहात मागच्या रांगेतून रंगमंचाचा फोटो काढताना फ्लॅश पेटला तर पुढच्या लोकांची डोकी पांढरी होतात आणि रंगमंच काळा राहतो. तिथे फ्लॅश सक्तीने बंद करा, रंगमंचावर दिवे भरपूर असतात.

नाइट पोर्ट्रेट, ज्यावर सगळ्यात जास्त खापर फुटतं

चंद्र किंवा तारा आणि शेजारी माणूस असं चित्र असलेला हा मोड फार गैरसमजात अडकलाय. लोकांना वाटतं, रात्र आहे, माणूस आहे, म्हणजे हाच. मग फोटोत चेहरा बरा, पण त्याच्याभोवती भुतासारखी दुसरी पुसट कड, आणि मागच्या दिव्यांच्या रेघा.

हा मोड दोन गोष्टी एकत्र करतो. फ्लॅशने माणूस उजळतो, आणि मागचा अंधारा देखावाही दिसावा म्हणून शटर बराच वेळ, कधी सेकंदभर, उघडं ठेवतो. फ्लॅश पेटला की माणसाला वाटतं फोटो झाला, तो हलतो, हसतो, चालायला लागतो. शटर अजून उघडंच असतं आणि ती हालचाल त्याच फोटोवर दुसऱ्या थरासारखी उमटते. उपाय सोपा आहे. कॅमेरा कुठेतरी टेकवून ठेवा आणि समोरच्यांना आधीच सांगा की चमक झाल्यावरही मी सांगेपर्यंत हलायचं नाही. मागे दाखवण्यासारखे दिवे किंवा देखावा नसेल तर हा मोड लावूच नका, साध्या फ्लॅशने काम होतं.

काही कॅमेऱ्यांत हातात धरून रात्रीचा फोटो काढायचा वेगळा मोड असतो. तो पटापट अनेक फोटो काढून त्यांचा एक करतो. इमारती, रस्ते, दिवे यांच्यासाठी तो खरोखर छान आहे. माणसं हलत असतील तर मात्र जोडणी फसते.

फटाक्यांचा सीन मोड तर शटर काही सेकंद उघडंच ठेवतो, तो ट्रायपॉडशिवाय वापरायचा नाही. कधी डायल एससीएन म्हणजे सीन मोडच्या यादीवर असतो आणि आत मागच्या वेळचा फटाक्यांचा सीन तसाच निवडलेला राहतो. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो पांढरे आणि हललेले आले तर आधी हे तपासा.

पोर्ट्रेट मोडमधून पार्श्वभूमी धूसर होईल अशी अपेक्षा असेल तर ती कॉम्पॅक्टकडून फारशी पुरी होत नाही. एवढ्या लहान सेन्सरवर एफ/२.८ ठेवलं तरी फोकसची खोली मोठ्या, ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर एफ/१६ ला मिळते तितकी असते, म्हणजे पुढचं मागचं जवळपास सगळंच स्पष्ट. धूसरता हवीच असेल तर माणसाला भिंतीपासून खूप लांब उभं करा, झूम करा आणि जवळ जा, अर्थात भरपूर उजेडात. याच कारणाने एव्ही किंवा ए मोड, ज्यात लेन्सचं भोक तुम्ही ठरवता, कॉम्पॅक्टवर फारसा कामाचा वाटत नाही. त्यात मोठा आकडा लावून एफ/८ वर जाण्याचा मोहही टाळा. लहान सेन्सरवर भोक बारीक केलं की प्रकाश कडांवर विखुरतो आणि चित्र उलट मऊ पडतं.

फोकस चुकतो तेव्हा

बटण एका दमात पूर्ण दाबलं की कॅमेऱ्याला फोकस करायला पुरेसा वेळ मिळत नाही, आणि अंधारात त्याला जास्तच वेळ लागतो. अर्धं दाबा, हिरवी चौकट येऊ द्या, मग पूर्ण दाबा. चौकट पिवळी, लाल किंवा लुकलुकती असेल तर फोकस बसलेला नाही. कॅमेरा फोकससाठी उजेड-अंधाराच्या कडा शोधतो, म्हणून कोऱ्या भिंतीवर किंवा एकरंगी शर्टवर तो चाचपडत राहतो. चौकट डोळ्यांवर, कॉलरच्या कडेवर, शर्टाच्या बटणांवर न्या. अंधारात मदतीला पेटणारा छोटा दिवा बोटाने झाकला जात नाही ना तेही बघा, धरण्याच्या सवयीमुळे हे फार वेळा होतं.

हिरवी चौकट येऊनही माणूस पुसट असेल तर ती चौकट नेमकी कशावर आली ते आठवा. चेहरा ओळखण्याची सोय बंद असेल तर कॅमेरा बहुधा जवळची, ठळक कडा असलेली वस्तू पकडतो. फोकसची जागा मेनूतून 'मध्यभागी' करून ठेवा. माणसावर मध्य ठेवून अर्धं दाबा, बोट तसंच धरून कॅमेरा सरकवा आणि फोटोची मांडणी हवी तशी करा, मग पूर्ण दाबा.

फुलाचं चिन्ह म्हणजे मॅक्रो. ते बंद असताना अर्ध्या मीटरच्या आतल्या वस्तूवर बऱ्याच कॉम्पॅक्टचा फोकस बसत नाही. ते चालू असताना एकदोन सेंटिमीटरवरूनही बसतो, पण फक्त झूम मागे असताना. पूर्ण झूमवर तर मीटरभर अंतर लागतं. याउलट मॅक्रो चालूच राहिला आणि लांबच्या माणसांचे फोटो काढले तर कॅमेरा फोकससाठी रेंगाळतो किंवा चुकतो. डोंगराचं चिन्ह फोकस अगदी लांबवर बांधून ठेवतं, समोर माणूस उभा असेल तर तो पुसट येणारच. काचेतून बाहेरचा देखावा घेताना मात्र तेच चिन्ह फार कामाला येतं, कारण कॅमेरा काचेवरच्या डागांना फसत नाही.

चित्र स्पष्ट आहे, पण काळं किंवा पांढरं

हा हलण्याचा दोष नाही, पण सोबत नेहमी विचारला जातो. कॅमेऱ्याचं मोजमाप समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं धरून चालतं. खिडकीसमोर माणूस उभा केला की खिडकीच्या उजेडाला मध्यम करण्याच्या नादात चेहरा काळा होतो. पी मध्ये उजळपणाची भरपाई अधिक १ करा, किंवा फ्लॅश सक्तीने चालू करा, दिवसासुद्धा. पांढरी भिंत, वाळू, बर्फ फोटोत करडे दिसतात, तिथेही अधिक १ ते अधिक २. काळ्या पडद्यासमोरचा उजळ चेहरा भाजल्यासारखा पांढरा येतो, तिथे उणे १.

पूर्ण चंद्र पांढऱ्या ठिपक्यासारखा येतो त्याचंही कारण हेच. चंद्रावर ऊन पडलेलं असतं, त्याला दिवसासारखाच हिशेब लागतो. सगळे आकडे स्वतः लावायचा एम मोड असेल तर आयएसओ १००, एफ/५.६, शटर १/२५० पासून सुरुवात करा आणि फोटो बघून शटर मागेपुढे करा.

दुरुस्त केलं, तरी पुढच्या वेळी पुन्हा तेच

वारंवार परत येणाऱ्या तक्रारीमागे बहुधा कॅमेऱ्याची स्मरणशक्ती असते. ऑटोमध्ये बऱ्याच गोष्टी दर वेळी पहिल्यासारख्या होतात, पण पी, टीव्ही, एव्ही आणि एम मध्ये तुम्ही लावलेलं तसंच राहतं, कॅमेरा बंद करून चालू केला तरी. दुपारी उन्हात आयएसओ १०० लावला आणि रात्री त्याच पी वर समारंभाचे फोटो काढले, तर शटर १/६ वर जाणारच. उणे १ ची भरपाई राहून गेली तर पुढचे सगळे फोटो काळपट. खिशातून काढताना डायल स्वतःहून एक घर सरकतो, तेही लक्षात ठेवा.

कॅमेरा काढला की स्क्रीनच्या कडेला चार गोष्टींवर नजर टाका. डायलचं अक्षर, आयएसओ, भरपाईची पट्टी शून्यावर आहे का, आणि फूल किंवा डोंगर चालू नाही ना. गोंधळ फार झाला असेल तर मेनूत 'रीसेट' असतं, ते वापरा. त्यात फोटो पुसले जात नाहीत, पण 'फॉरमॅट' ही वेगळी ओळ आहे आणि ती कार्ड रिकामं करते. दोन्ही बऱ्याचदा जवळजवळ असतात, नीट वाचून निवडा.

एवढं सगळं करूनही शंका राहिली तर खरा बिघाड आहे का ते असं तपासा. दिवसा भरपूर उजेडात भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा. कॅमेरा बरोबर समोर टेबलावर किंवा ट्रायपॉडवर ठेवा, ट्रायपॉड असेल तर थरथर सावरणारी यंत्रणा बंद करा. पी मोड, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. एक फोटो झूम मागे ठेवून, एक मध्यावर, एक पूर्ण झूमवर. तिन्ही मोठे करून बघा. चारही कोपरे किंचित मऊ असणं कॉम्पॅक्टमध्ये नेहमीचं आहे. एकच बाजू ठळकपणे पुसट असेल तर लेन्स आतून तिरकी झाली आहे, बहुधा कॅमेरा कधीतरी पडला असावा. तिन्ही फोटो सगळीकडे पुसट असतील आणि हिरवी चौकट येत असेल तर फोकसची यंत्रणा बिघडली आहे. या दोन्हीवर कुठल्याही मोडचा उपाय चालत नाही, कॅमेरा दुरुस्तीला न्या आणि हे तीन फोटो सोबत दाखवा. आणि तिन्ही फोटोंतली अक्षरं स्वच्छ वाचता येत असतील तर कॅमेरा ठीक आहे, खोलीत परत जाऊन पी वर आयएसओ ८०० लावा आणि शटरचा आकडा वाचायला लागा.